थोड्या खर्चातली बुडी : कॅरिबियन समुद्रात कोठे उतरावे?



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. वेतनकरार, बोनस आणि संप यांवर बोलणारा माणूस एकाएकी कॅरिबियन समुद्राच्या तळाशी कसा जाऊन बसला, अशी कुजबूज मी मंडपात शिरतानाच ऐकली. तेव्हा त्याचा खुलासा आधी करतो.

वीस वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या कचेरीत एक पाणबुड्या आला. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शंखशिंपले व शेवाळ खरवडणे हे त्याचे काम. वरून नळीने हवा सोडीत. तो किती खोल गेला, किती वेळ राहिला, याचे टिपण कोणीच ठेवीत नसे. चाळिशी गाठण्याआधीच त्याच्या खुब्याचे हाड झिजले आणि तो काठी टेकीत चालू लागला. 'वाताचा विकार' म्हणून ठेकेदाराने त्याची बोळवण केली होती. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. शब्दकोश शेजारी ठेवून मी या विषयावर मिळेल ते वाचीत गेलो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, दाबाखालच्या हवेत काम केल्याने होणारे रोग हे धंद्यातून उद्भवणारे रोग म्हणून नोंदलेले होते, हे त्या वाचनात सापडले. दावा चार वर्षे चालला. भरपाई मिळाली, खुबा काही परत मिळाला नाही.

तेव्हापासून पाण्याखालचा कोणताही प्रश्न निघाला की आमच्या भागातील माणसे माझ्याकडे येतात. गेल्या दिवाळीत आमच्या आळीतले एक निवृत्त कारकून, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, ते आले. त्यांचा मुलगा ह्यूस्टनला नोकरीस आहे. फेब्रुवारीत तो आईवडिलांना व धाकट्या बहिणीला क्रूझवर, म्हणजे सहलीच्या जहाजावर, नेणार होता. जहाज गॅल्व्हेस्टन बंदरातून निघून कोझुमेल, रोआतान व बेलीझ अशी तीन बंदरे घेणार होते. मुलीने आपल्या तारकर्लीस स्कूबाचे रीतसर शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळविलेले. अण्णा म्हणाले, "भाऊ, पोरीने स्वतःच्या पगारातून पैसे साठवले आहेत. एकदोन बुड्यांपुरतेच आहेत. त्यात तिने कोठे उतरावे, ते तुम्ही सांगा."

मी स्वतः कॅरिबियन समुद्र पाहिलेला नाही, हे प्रथमच कबूल करतो. तारकर्लीला एकदा, मुलीच्या आग्रहाखातर, शिक्षकाचा हात घट्ट धरून दहा मिनिटे पाण्याखाली बसलो, एवढीच माझी कमाई. परंतु अण्णांचा प्रश्न मला फार चांगला वाटला. श्रीमंत माणूस 'सर्वांत सुंदर जागा कोणती?' असे विचारतो. ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत, त्याला 'ही जागा महाग का, आणि ती स्वस्त का?' असे विचारावे लागते; आणि त्या विचारण्यात त्याला समुद्र अधिक समजतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. स्वस्ताई दोन जातींची असते. एक निसर्गाने दिलेली : खडक किनाऱ्याजवळ, पाणी नितळ, वारा पाठीशी. दुसरी कोणाच्या तरी अंगावरून काढलेली. पहिली शोधावी, आणि दुसरी ओळखून टाळावी. आजचे सारे व्याख्यान एवढ्याचाच विस्तार आहे.

हवेचा हिशेब

पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीत प्राणवायू असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. या मंडपात आपण जी हवा घेत आहोत, तीच गाळून व दाबून त्या टाकीत भरतात. सारी करामत टाकी आणि तोंड यांच्यामधील झडपेत आहे. १९४३ साली, फ्रान्सवर जर्मनांचा अंमल असताना, एमिल गान्यां नावाचा अभियंता आणि जाक-इव्ह कुस्तो हा नौदलातील अधिकारी यांनी ती सिद्ध केली. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. गॅस इंजिनाला हवा तेवढाच पोचावा म्हणून गान्यांने एक झडप बनविली होती. तीच सुधारून दोघांनी श्वासाच्या कामी लावली. श्वास ओढावा तेव्हाच हवा येते, आणि भोवतालच्या पाण्याचा दाब जेवढा, तेवढ्याच दाबाने येते.

आता हा दाब किती? पृष्ठभागावर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दुप्पट, ३० मीटरवर चौपट. दाब चौपट, तर प्रत्येक श्वासात खर्च होणारी हवाही चौपट.

ही गोष्ट आकड्यांनी पाहू. नेहमीच्या वापरातील ११ लिटरांच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा मावते. त्यातली पाव हिस्सा अडीअडचणीसाठी राखून ठेवावी. उरली १,६५० लिटर. संथपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरले, तर १० मीटरवर त्याला ४० लिटर लागतील आणि टाकी सुमारे ४१ मिनिटे पुरेल. तोच माणूस ३० मीटरवर गेला, तर त्याला ८० लिटर लागतील आणि अवघी २० मिनिटे मिळतील. टाकीचे भाडे मात्र दोन्हीकडे सारखेच.

शिवाय प्रकाशाची गोष्ट आहे. पाणी तांबडा रंग सर्वांआधी गिळते. पाच-सात मीटरांखाली तो फिका पडू लागतो आणि आणखी खाली गेल्यावर सारे निळेकरडे दिसते. म्हणजे उथळ पाण्यात वेळही अधिक, रंगही अधिक आणि धोकाही कमी. खोल गेल्याची बढाई मात्र तेथे मिळत नाही. पण बढाईला वेगळे पैसे पडतात.

रक्तातले बुडबुडे

दुसरा हिशेब नत्रवायूचा. हवेचा पाऊण भागाहून अधिक भाग नत्रवायू असतो. एरवी तो निरुपद्रवी. पण दाबाखाली तो रक्तात व मांसात विरघळत राहतो. माणूस सावकाश वर आला तर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आला, तर सोड्याची बाटली फोडल्यावर फेस यावा तसे त्याचे बुडबुडे होतात. ते सांध्यांत, मज्जारज्जूत अडकले की वेदना होतात, पांगळेपणा येतो, आणि कधी मृत्यूही ओढवतो.

हा रोग जगाला प्रथम मजुरांच्या अंगावर दिसला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालताना, नदीच्या तळाशी तळ नसलेल्या प्रचंड पेटाऱ्यात दाबाची हवा भरून, त्यात मजूर उतरवीत. वर आल्यावर माणसे वाकडी होत. १८७२ च्या मे महिन्यात तेथील मजुरांनी मजुरीवाढीसाठी संप केला. खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग याच रोगाने कायमचा अधू झाला. यावरचा इलाज जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून शोधला आणि तो १९०८ साली प्रसिद्ध झाला : टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबत वर यावे. आज हौशी पाणबुड्याला हेच शिकवितात. मिनिटाला ९ मीटरांहून अधिक वेगाने वर येऊ नये, आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे.

जहाजाच्या प्रवाशाला यातून एक व्यवहारी नियम मिळतो. विमान उंच जाते तेव्हा आतील हवेचा दाब कमी होतो. अंगात शिल्लक राहिलेला नत्रवायू तेथेही बुडबुडे करू शकतो. म्हणून साधी एकच बुडी मारली असेल तर निदान १२ तास, आणि एकाहून अधिक बुड्या किंवा लागोपाठच्या दिवशी बुड्या असतील तर निदान १८ तास विमानात बसू नये. सहल संपताच विमान असेल, तर शेवटच्या बंदरातली बुडी कितीही स्वस्त मिळाली तरी ती सोडावी. बुडी प्रवासाच्या पूर्वार्धात किंवा मध्यावर घ्यावी.

वारा, पाऊस आणि किनारा

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. कॅरिबियन समुद्रात वर्षाचा बहुतेक काळ वारे पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे बेटांच्या पूर्व किनाऱ्यावर लाटा आदळतात आणि पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला शांत राहतो. कोझुमेल, बोनेअर, ग्रँड केमन, बार्बाडोस, सेंट क्रॉय या बेटांवर बुड्यांची प्रसिद्ध ठिकाणे आणि जहाजांची बंदरे बव्हंशी पश्चिम अंगाला आहेत. बंदर आणि खडक दोघांनाही एकच आडोसा हवा असतो, ही गरीब प्रवाशाच्या भाग्याची गोष्ट.

आपल्या कोकणाशी तुलना केली म्हणजे हे चटकन ध्यानात येईल. नैर्ऋत्येचा पाऊस सरळ आपल्या किनाऱ्यावर येतो, सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या लाल गाळ समुद्रात ओततात, आणि मालवणच्या बुड्या पावसाळ्यात बंद ठेवाव्या लागतात. कोझुमेल हे चुनखडीचे सपाट बेट आहे. तेथे पडलेला पाऊस जमिनीत मुरतो, नदी होऊन वाहत नाही. बोनेअर तर कोरडे, निवडुंगांचे बेट. गाळ नाही म्हणून पाणी नितळ, आणि नितळ पाण्यात ऊन पोचते म्हणून प्रवाळ वाढते.

तरीही सर्व बेटे एकसारखी नाहीत.

बोनेअर हे डच बेट किनाऱ्यावरून बुडी मारणाऱ्यांचे माहेरघर आहे. प्रवाळाचा उतार किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुरू होतो. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगविलेले दगड, त्यांवर जागेचे नाव. अशी पन्नासांहून अधिक ठिकाणे आहेत. होडीचे भाडे वाचते. १९७९ पासून बेटाभोवतीचा समुद्र राखीव उद्यान आहे. तेथे फी भरावी लागते, नियमांची ओळख ऐकावी लागते आणि पहिल्या दिवशी सोप्या जागी चाचणीची बुडी घ्यावी लागते. एका दिवसाच्या प्रवाशाने हा वेळ आधीच हिशेबात धरावा. आणि बरोबर जाणता जोडीदार नसेल, तर किनाऱ्यावरूनही एकट्याने उतरू नये.

ग्रँड केमनला मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत; खोल पाण्यात नांगर टाकतात आणि प्रवासी लाँचने जॉर्ज टाउनला उतरतात. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर ईडन रॉक व डेव्हिल्स ग्रोटो या जागा आहेत. बेताच्या खोलीत प्रवाळाच्या कमानी आणि बोगदे. टॅक्सी नाही, होडी नाही. कुरासावच्या काराकास उपसागरात एक छोटी टग-बोट अवघ्या पाच मीटरांवर बुडालेली आहे. बार्बाडोसला ब्रिजटाउनजवळ कार्लाइल बेमध्ये उथळ पाण्यात बुडालेल्या बोटी आहेत. सेंट क्रॉय बेटावर फ्रेडरिकस्टेडच्या धक्क्याचे खांब प्रवाळाने व स्पंजांनी मढलेले आहेत आणि त्यांत समुद्रघोडे आढळतात. पण गंमत अशी की, धक्क्याला जहाज लागले असेल तेव्हा तेथे बुडी मारू देत नाहीत. म्हणजे ज्या जहाजाने आपण गेलो, तेच आपली वाट अडविते!

कोझुमेलची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे खडकांच्या बाजूने जोरदार प्रवाह वाहतो. पाणबुडे त्यावर स्वार होऊन वाहत जातात आणि होडी वरून मागे येते. १९९६ पासूनच्या राष्ट्रीय उद्यानात वाटाड्याशिवाय उतरता येत नाही. म्हणून होडीचा व माणसाचा खर्च टळत नाही; मात्र पाय मारावे लागत नसल्याने हवा पुष्कळ पुरते. पालांकार या दूरच्या खडकाचे नाव मोठे आहे. पण पैसे थोडे असतील तर धक्क्यांजवळचा उथळ पाराइसो खडक मागावा.

नावाला भुलू नये याचे मोठे उदाहरण बेलीझचे. तेथला 'ब्लू होल' हा सुमारे ३०० मीटर रुंदीचा निळा डोह साऱ्या जगातील चित्रांत दिसतो. परंतु तो बेलीझ सिटीपासून सुमारे ७० किलोमीटर समुद्रात आहे, आणि त्यातले पाहण्यासारखे दगडी लोलक ४० मीटरांच्या आसपास खोल आहेत. अंतर मोठे, खोली मोठी, वेळ थोडा. ग्रेनाडाजवळ १९६१ साली आग लागून बुडालेल्या 'बियांका सी' या जहाजाचेही तसेच. त्या वेळी तेथील लोकांनी लहानसहान होड्या घालून प्रवाशांना वाचविले, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. पण जहाज ३० ते ५० मीटरांवर पडले आहे आणि ते नवशिक्याचे काम नव्हे.

खर्चाचे गणित

आता जमाखर्च मांडू. पुढील आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. दर म्हणून ते घेऊ नयेत. समजा, जहाजावर विकली जाणारी दोन बुड्यांची सहल १८० डॉलरांना आहे आणि पाण्याखाली एकूण ९० मिनिटे मिळतात. मिनिटाला दोन डॉलर पडले. त्याच दोन बुड्या गावातल्या दुकानदाराकडून १३५ डॉलरांना घेतल्या, तर मिनिटाला दीड. किनाऱ्यावरून उतरून टाकी, सामान व टॅक्सी धरून ६० डॉलरांत ६० मिनिटे मिळाली, तर मिनिटाला एक. बुडीचा भाव असा मिनिटावर काढावा. त्यात सामानाचे भाडे, उद्यानाची फी, टॅक्सी, वाटाड्याची बक्षिशी आणि विमा, सारे आधी मिळवावे. जाहिरातीतला आकडा बहुधा अर्धाच असतो.

मग जहाजाची सहल महाग घेणारे सारे वेडे काय? नाहीत. तिच्या किमतीत एक हमी असते : सहलीची होडी उशिरा आली तर जहाज थांबते. स्वतः ठरविलेल्या होडीसाठी ते थांबत नाही. म्हणून स्वतः जाणाऱ्याने परतीच्या वेळेआधी निदान दोन तास धक्क्यावर पोचण्याचा बेत करावा आणि घड्याळ जहाजाचे वापरावे. मायामीहून निघालेले जहाज मायामीची वेळ पाळीत असेल, तर उन्हाळ्यात ती कोझुमेलच्या वेळेपेक्षा एक तास पुढे असते. बेटावरच्या घड्याळात तीन वाजलेले पाहून जो निवांत बसला, त्याचे जहाज चारच्या ठोक्याला सुटलेले असते.

ऋतूचाही भाव असतो. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तेथील चक्रीवादळांचा काळ. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकिटे उतरतात ती उगीच नव्हे. वादळ आले तर कप्तान बंदर बदलतो. तेव्हा पैसे परत न मिळणारी बुडी आधी बांधून ठेवू नये. बोनेअर व कुरासाव ही दक्षिणेकडील बेटे मात्र या वादळांच्या वाटेपासून बव्हंशी दूर आहेत.

आणि प्रमाणपत्र घरीच मिळवून जावे. शिक्षकाचा हात धरून पाण्याखाली जाऊन येणे म्हणजे शिक्षण नव्हे. तेवढ्यावर तिकडे कोणी टाकी देणार नाही. शिकण्याचे दिवस मोलाच्या सहलीतून का खर्च करावेत?

दुसऱ्या जातीची स्वस्ताई

बोनेअरच्या दक्षिण किनाऱ्यावर मिठागरे आहेत. त्यांच्या काठाने, समुद्राकडे तोंड करून, लहान लहान दगडी झोपड्यांची रांग उभी आहे. माणसाला ताठ उभे राहता येणार नाही, वाकून शिरावे लागेल, एवढ्याच त्या. १८५० च्या सुमारास मीठ काढणाऱ्या गुलामांच्या निजण्यासाठी त्या बांधल्या. आठवड्याअखेर ते गुलाम कित्येक तास चालत रिंकॉन या गावी आपल्या कुटुंबाकडे जात. १८६३ साली डच राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली. आज त्या झोपड्यांसमोर मोटारी उभ्या करून प्रवासी बुडीसाठी उतरतात, आणि त्या जागांना 'व्हाइट स्लेव्ह' व 'रेड स्लेव्ह' अशी नावे आहेत. त्या काळी युरोपात ते मीठ स्वस्तच मिळत असेल.

आपण म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. तर अलीकडची सांगतो. होंडुरासच्या ला मोस्कितिया प्रदेशात मिस्किटो नावाचे आदिवासी राहतात. शेवंड पकडण्यासाठी कंपन्यांच्या बोटी त्यांना समुद्रात नेत. धड शिक्षण नाही, धड साधने नाहीत, दिवसातून अनेक बुड्या आणि शेवंड जवळ संपत गेली तसतशी खोली वाढत गेलेली. अशा ४२ जणांचे प्रकरण आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयापुढे गेले. त्यांतील ३४ जणांना खोल बुड्यांमुळे अपघात झाले आणि त्यांपैकी १२ दगावले. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला : कंपन्यांवर देखरेख ठेवण्यात कसूर केल्याबद्दल होंडुरास सरकार जबाबदार आहे. तो निकाल वाचताना मला आमचा काठी टेकणारा पाणबुड्या आठवत होता. समुद्र वेगळा, नत्रवायू तोच.

हौशी प्रवाशांना नेणारे दुकान आणि शेवंडीची बोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. पण भाव पाडण्याची रीत सर्वत्र सारखी असते. एखाद्याने शेजाऱ्यापेक्षा पुष्कळ कमी दर सांगितला, तर तो पैसा कोठून वाचला, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. हवा भरणाऱ्या यंत्राची गाळणी वेळेवर बदलली नाही तर पैसे वाचतात. होडीवर शुद्ध प्राणवायूची संकटकाळची टाकी ठेवली नाही तर वाचतात. एका वाटाड्याच्या गळ्यात दहा माणसे बांधली, आणि त्याच वाटाड्याला सकाळपासून चौथ्यांदा खाली पाठविला, तरीही वाचतात. म्हणून चार प्रश्न विचारावेत : हवा केव्हा तपासली? प्राणवायू होडीवर आहे काय? एका वाटाड्यामागे माणसे किती? आणि त्याची आजची ही कितवी बुडी? चांगला दुकानदार या प्रश्नांनी रागावत नाही.

प्रवाळ हाही एक कामकरीच समजा. शेकडो वर्षे खपून त्याने ही भिंत बांधली आहे. २०१४ साली फ्लोरिडाजवळ प्रथम दिसलेला दगडी प्रवाळाचा रोग २०१८ मध्ये मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर आणि २०२३ मध्ये बोनेअरला पोचला. सामान निर्जंतुक करून घ्या असे सांगितले, तर कटकट मानू नये. प्रवाळाला हात लावू नये. केमनच्या नागरिकांपुढे ३० एप्रिल २०२५ रोजी जहाजांसाठी धक्का बांधावा की नाही, असा प्रश्न मताला टाकला होता. बहुमताने त्यांनी 'नाही' म्हटले. त्या बेटाचे पोट प्रवाशांवर चालते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या 'नाही'चे वजन कळते.

अण्णांना दिलेले उत्तर

अण्णांच्या मुलीला मी असे सांगितले : तीन बंदरांत तीन बुड्या घेऊन पैसे विखरू नकोस. बेलीझचा निळा डोह चित्रात पाहा. कोझुमेलला किनाऱ्यावर पोहण्याचा चष्मा आणि श्वासाची नळी घेऊन आईवडिलांबरोबर पोह; त्याला फारसे पैसे पडत नाहीत आणि अण्णांनाही मासे दिसतील. साऱ्या बुड्या रोआतानला घे. तेथे खडक किनाऱ्याला लागूनच धावतो, होडीला थोडेच अंतर जावे लागते, आणि लहान दुकाने पुष्कळ असल्याने भावही माफक असतात. हिवाळ्यात कधी उत्तरेचा वारा सुटतो. तसे झाले तर दक्षिण बाजूला नेण्यास सांग. दोन बुड्या, पंधरा-सोळा मीटरांच्या आत. आणि ते चार प्रश्न विसरू नकोस.

मार्चमध्ये ती भेटून गेली. त्या दिवशी उत्तरेचा वारा होताच, त्यामुळे होडी दक्षिण बाजूला गेली. दोन बुड्या झाल्या, पहिली सोळा मीटरांची, दुसरी बारा. एक कासव, एक लाजरा आठपायी आणि निळ्या माशांचा थवा, एवढे तिने पाहिले. चौथा प्रश्न विचारताना तिला संकोच वाटला. पण वाटाड्या हसला आणि त्याने पिशवीतून एक जुनी वही काढून तिच्यापुढे धरली. तारीख, खोली, मिनिटे. रोजच्या प्रत्येक बुडीची नोंद, त्याच्या स्वतःच्या हाताने केलेली. त्या दिवशीची ती त्याची पहिलीच बुडी होती.

आमच्या पाणबुड्यापाशी अशी एक वही असती, तर चार वर्षांचा दावा चार महिन्यांत संपला असता. कदाचित दावा करण्याची वेळच आली नसती. म्हणून आपल्यापैकी कोणी, किंवा आपल्या मुलाबाळांपैकी कोणी, त्या निळ्या समुद्रात उतरणार असेल, तर खडकाचे नाव नंतर विचारा, दर त्याच्याही नंतर विचारा. आधी ती वही पाहावयास मागा.